काटा

चहाच्या पानाला ओल असते,
म्हणून दर पोत्यामागे एक किलो मी कमी लिहायचो.
अर्धा किलो पोत्याचा, तो नियमातला.
उरलेला अर्धा माझ्या मनातल्या दंवाचा.

केरिचोच्या उतारावर पत्र्याची शेड,
आढ्याला टांगलेला काटा,
खाली बायकांची रांग,
पाठीवर ओझं, पट्ट्याचा वळ कपाळावर.
आकडा वाचणारा मी एकटाच,
कारण काटा टांगला होता माझ्या उंचीला.
तो मीच टांगला होता.

संध्याकाळी अर्ध्या-अर्ध्याचे सतरा किलो व्हायचे
आणि ते माझ्या नंबरावर चढायचे.
माझ्या शेतात चहाच्या रांगा चार,
त्यातली एक वाळलेली,
तरी ट्रकवाल्यानं कधी विचारलं नाही.
त्या सतरांतून जेरोनोचे बूट झाले, फी झाली.
चर्चच्या छताला दोन पत्रे दिले,
तेव्हा नाव पुकारलं माझं:
एलिफाज अराप मोसोनिक.
मी उभा राहिलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दर रविवारी पाळक म्हणत, कबुली देऊ या.
आणि सगळी मंडळी एका सुरात:
आम्ही चुकलो, आम्ही भटकलो.
'आम्ही' किती उबदार शब्द आहे!
मी त्यात शिरायचो घोंगडीत शिरावं तसा,
तीनशे माणसांच्या मधोमध,
ज्याच्या त्याच्या पापाची थोडी थोडी ऊब घेत.
एकवीस वर्षं मला थंडी वाजली नाही.

मग नवं यंत्र आलं,
दोन्ही बाजूंनी आकडा दाखवणारं.
मला निरोप दिला, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं,
आणि जुना काटा मीच मागून घेतला.
अंगणातल्या अवोकाडोला टांगला.
नात लोंबकळली त्याला, पाय वर घेऊन.
"किती आहे मी, आजोबा?"
"साडेअठरा," म्हणालो.
ती उतरली, आकड्याला हात लावून म्हणाली,
"पण मी एकोणीस आहे.
दवाखान्यात बघितलंय."

मी काही ठरवलं नव्हतं.
तोंडानं आपणहून वजा केलं.

तापसाबेई अजून होती,
रांगेत सगळ्यांत पुढे उभी राहणारी.
तिच्या चुलीपाशी बसून सगळं सांगितलं,
रुमालातली नोटांची गुंडाळी पुढे ठेवली.
ती इतकी हसली की खोकला आला.
"अरे, मी पानं ओढ्यात बुडवून आणायची!
पाटी निथळत असायची,
तुला दिसली नाही कधी?"

मीही हसलो. जीव हलका झाला.
म्हटलं, मग फिटलंच की आपलं.

तिनं लाकूड आत सारलं.
"आपल्यात फिटलं असेल.
पण माझी ओल माझ्याकडे मागतील,
तुझं दंव तुझ्याकडे.
तिथे दोघांना एका पोत्यात भरत नाहीत, मोसोनिक."

पैसे मात्र तिनं मोजून घेतले.
दहा शिलिंग कमी निघाले.
ते दुसऱ्या दिवशी नेऊन दिले.
उरलेल्या बायकांची नावं वहीत आहेत,
काहींच्या नावापुढे आता फक्त कबर.

या रविवारी सगळे 'आम्ही' म्हणाले,
मी 'मी' म्हणालो.
शब्द आखूड, त्यामुळे मी सगळ्यांच्या आधी संपलो.
त्या उरलेल्या क्षणात मी एकटा उभा होतो,
बाकावरचा शेजारी माझ्याकडे बघत होता,
आणि दोन पत्रे होते डोक्यावर,
नेमके माझेच.

माझं ओझं ज्यानं उचललं
त्याच्या कपाळावरही वळ होते, काट्यांचे.
ते मी मानतो, रडूनही मानतो.
पण उचलण्याआधी त्यानं विचारलं आहे, किती?
आणि तो आकडा
मलाच वाचायचा आहे, मोठ्यानं,
अर्धाही न गाळता.